शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं

आमच्या भागातल्या कोणत्याही शाळेचं इंग्रजीचं जुनं पुस्तक उघडून पाहा. रद्दीच्या ढिगातलं असलं तरी चालेल. प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं बारीक मराठी लिहिलेलं सापडेल. खाली छापलेलं इंग्रजी, वर देवनागरीत त्याचा उच्चार. पोरं धडा वाचतात म्हणजे ती वरची ओळ वाचतात. हे कुणी सुरू केलं मला माहीत नाही. मी शिकले तेव्हा असंच होतं, आणि एकतीस वर्षं मी स्वतः फळ्यावर आधी इंग्रजी शब्द आणि लगेच त्याच्या डोक्यावर मराठी, असंच लिहीत आले. आता निवृत्तीला दीड वर्ष राहिलं. खरं सांगते, खडू उचलायचाही कंटाळा येतो.

इंग्रजीची बाई म्हटली की लोकांना वाटतं, ही घरीदारी फाडफाड इंग्रजी बोलत असणार. कशाचं काय! बीबी गावाजवळच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा एकाही इंग्रज माणसाला बोलताना ऐकलेलं नव्हतं. मला ज्यांनी शिकवलं त्या सरांनीही ऐकलेलं नव्हतं. त्यांच्या सरांनी ऐकलं असेल तर देव जाणे. आम्ही सगळे इंग्रजी डोळ्यांनी शिकलो. अक्षर दिसलं की म्हणायचं. बी दिसला की ब, एस दिसला की स, एकालाही उपाशी ठेवायचं नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यातली गंमत माझ्या फार उशिरा ध्यानात आली. जे शब्द आपल्याकडे कानानं आले ते बिनघोर नांदले. माझ्या सासूबाईंना सही येत नव्हती, पण बाटली, तिकीट, कंदील, इंजन हे सगळं त्यांच्या तोंडात घरचं होतं. त्यातलं कुठलं परक्या मुलखातून आलं याचा त्यांना पत्ताही नव्हता. लग्नाच्या मांडवात वाढणारा पोरगा बुफे म्हणतो ते बरोबर म्हणतो, कारण त्यानं तो शब्द कधी वाचलेलाच नाही. आणि आमच्या शाळेतले एम. ए. झालेले सर पत्रिकेत वाचून बफेट म्हणायचे. मीसुद्धा म्हणायची, उगाच त्यांच्या अंगावर कशाला ढकलू?

मला शब्दांच्या कहाण्या सांगायची मात्र हौस होती. व्याकरण शिकवून घसा सुकला की मी पुस्तक मिटायची आणि हा शब्द कुठून आला, तो कुठून आला, ते सांगायची. एका जुन्या शब्दकोशात प्रत्येक शब्दाचं माहेर दिलेलं होतं, त्याच्या जिवावर माझी ही चैन चालायची. इंग्रजी ही काही आभाळातून पडलेली भाषा नाही, अर्ध्याहून जास्त तिनं फ्रेंच आणि लॅटिनकडून उचललेली आहे, आणि आपल्याकडूनही काही शब्द नेलेत, हे सांगितलं की पोरांच्या पाठी जरा ताठ व्हायच्या. खाटेचं त्यांनी कॉट केलं, चिठ्ठीचं चिट केलं. आणि मुंगूस तर थेट आपल्या मराठीतून गेलं.

मुंगसाच्या दिवशी आठवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. सुलतानपूरहून एसटीनं यायची, आई अंगणवाडीत मदतनीस, वडील दुसऱ्याच्या शेतात सालदार. ती म्हणाली, "मॅडम, मंग आमच्या बांधावरचं मुंगूस लंडनले जाऊन आलं म्हना की." सगळा वर्ग हसला. मीही हसले. अशी पोरगी दहा वर्षांत एखादी भेटते आणि मास्तरकीचे बाकीचे दिवस तिच्यावर ढकलता येतात.

तिलाच मी आयलंड या शब्दाची कहाणीही सांगितली होती. त्या शब्दात मुळात एस नव्हता. पुढं कुणा विद्वानांना वाटलं, हा शब्द लॅटिनमधून आला असणार, म्हणून त्यांनी एक एस मधे घुसडला. तो शब्द लॅटिनचा नव्हताच. चूक विद्वानांची, आणि शेकडो वर्षं स्पेलिंग चुकलं म्हणून छड्या खाल्ल्या पोरांनी. ती मुलगी विचारात पडली आणि म्हणाली, मग त्यांना कुणी सांगितलं नाही का. मी म्हटलं, मोठ्या माणसांना कोण सांगतं? आणि पुढचा शब्द फळ्यावर लिहायला घेतला.

माझी एक शब्दवही होती. डावीकडे शब्द, मधे देवनागरीत उच्चार, उजवीकडे अर्थ. पहिल्या दोन-तीन वर्षांत रात्रंदिवस खपून मी ती लिहिली होती आणि तेव्हा मला तिचा केवढा अभिमान होता! पोरांनी तिच्या झेरॉक्स काढल्या, त्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या. मोठ्या भावाची धाकट्याला, धाकट्याची चुलत बहिणीला, अशी ती वही आसपासच्या सगळ्या गावांत पोहोचली. बाजारात एखादा बाप्या आडवा येऊन सांगायचा, मॅडम, तुमची वही आमच्या घरी अजून आहे. मला धन्य वाटायचं. काय सांगू, त्या बिबट्याला मी तीस वर्षं लिओपार्ड म्हणायला लावलं, आणि लोणारपासून मेहकरपर्यंत तो लिओपार्डच झाला.

टाळेबंदीत शाळा बंद झाली आणि आम्हाला फोनवर धडे पाठवायचा हुकूम आला. माझ्या मुलानं फोनमध्ये एक शब्दकोश घालून दिला. शब्दावर बोट ठेवलं की फोन तो शब्द बोलून दाखवायचा. दुपारी जेवण झाल्यावर मी सहज एका शब्दावर बोट ठेवलं. पुरणे या अर्थाचा तो शब्द मी आयुष्यभर बरी म्हणत आले होते, फोन म्हणाला बेरी. मला वाटलं फोन बिघडला. पुन्हा दाबलं, पुन्हा बेरी. मग मी शब्दवही काढली आणि पहिल्या पानापासून एकेक शब्द ऐकायला घेतला. आयलंड बरोबर निघाला, तेवढा एक माझा त्या कहाणीनं वाचवला होता. बाकी लिओपार्ड नव्हे लेपर्ड, टॉम्ब नव्हे टूम, प्लंबर नव्हे प्लमर, व्हेजिटेबलमधलं अर्धं अक्षर कुणी म्हणतच नाही, आणि कांद्याचा ओनियन तर सरळ अनियन. लाल पेनानं दुरुस्त करत गेले. पहिल्या दहा पानांत एकही पान कोरं राहिलं नाही. संध्याकाळचा चहा ठेवायचाही राहून गेला.

त्यावर मी काय केलं? काही नाही. वही कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. शाळा उघडली आणि पुन्हा फळ्यावर लिओपार्ड लिहिलं. परीक्षा लेखी असते, उच्चाराला मार्क नसतात, बोर्डाचा पेपर तपासणारासुद्धा माझ्यासारखाच शिकलेला असतो, असं मी स्वतःला सांगत राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची. तेव्हा आलेला थकवा काही गेला नाही, आणि तो वयाचा आहे असं मी सगळ्यांना सांगते.

दोन वर्षांमागे, उन्हाळ्याच्या सुट्टीत, ती मुंगसाची मुलगी घरी आली. आता ती सव्वीस वर्षांची होती. डी. एड. झाली होती, पात्रता परीक्षा पास होती, भरतीची वाट पाहत चार वर्षं दोन शाळांत तासिकेवर शिकवत होती. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की घरी. संध्याकाळी वस्तीतल्या विहारात पोरांना फुकट इंग्रजी शिकवायची. शेगावच्या एका इंग्रजी शाळेतून तिला बोलावणं आलं होतं. पूर्ण वेळची नोकरी, राहायला वसतिगृहात खोली. आठ दिवसांनी मुलाखत आणि तिथं उन्हाळ्यातही चालणाऱ्या सहावीच्या वर्गावर नमुना पाठ. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं, ही नोकरी लागली तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर पाहुणे बोलावणार. तिला लग्न नको होतं, ती खोली हवी होती. माझ्याकडून तयारी करून घ्यायला आली होती.

तिनं पिशवीतून माझ्या शब्दवहीची झेरॉक्स काढली. पुठ्ठा घालून, दोऱ्यानं शिवून जपलेली. पाठाची गोष्ट एका बेटावरच्या बिबट्याची होती. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि वाचू लागली. वाचणं स्वच्छ, आवाज खणखणीत, डोळे जणू समोरच्या पोरांवर. आणि पहिल्याच ओळीत लिओपार्ड. पुढच्या ओळीत बरी. माझ्या वहीतला एकेक शब्द ती मात्राही न चुकवता म्हणत होती.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण एक शब्द काढला की सगळे काढावे लागणार होते. शिवणीचा एक टाका ओढला की बाही हातात येते, तसं ते होतं. मी मनाशी म्हटलं, आठ दिवसांवर पाठ आला, आता हिला घाबरवून काय मिळणार. विश्वासानं बोलली तर कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. ही सगळी कारणं मला त्या वेळी पटली होती हे विशेष. खरं कारण एवढंच की तिच्यासमोर मला लहान व्हायचं नव्हतं. मी तिची वाक्यं सुधारली, फळ्याकडे पाठ करून कसं उभं राहायचं ते दाखवलं, प्रश्न कुठं विचारायचा ते सांगितलं. सलग पाच दिवस ती आली. रोज जाताना विचारायची, मॅडम, बरोबर ना. मी म्हणायची, छान.

पाठाच्या दिवशी ती पहाटेच्या गाडीनं मेहकरला, तिथून खामगावला, तिथून शेगावला गेली. मी दिवसभर फोनजवळ बसून होते. फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच आली, पाणी प्याली आणि जमिनीवर बसली. खुर्ची दिली तरी घेतली नाही.

तिनं जे सांगितलं ते असं. पाठ चांगला झाला. पोरं दोन-तीनदा फिसकन हसली, पण तिनं वर्ग हातातून सुटू दिला नाही. मग कार्यालयात बोलावलं. तिथल्या मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, त्यांनी तिची तारीफ केली. म्हणाल्या, शिकवण्याची हातोटी आहे तुझ्याकडे, फक्त हे दहा-बारा उच्चार बदलावे लागतील, महिनाभर आमच्या शिक्षिकांसोबत बस, होऊन जाईल. म्हणजे नोकरी हातात आलीच होती. एवढं फक्त म्हणायचं होतं की हो, बदलते.

ती नाही म्हणाली. तिनं पिशवीतून वही काढून त्यांच्या टेबलावर ठेवली आणि सांगितलं की माझ्या मॅडमनी एकोणतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, प्रत्येक शब्द कुठून आला तेसुद्धा त्यांना पाठ आहे, त्यांचं चुकणार नाही. तिथल्या एका सरांनी फोन काढून तिला शब्द ऐकवले. ही म्हणाली, फोन अमेरिकेचं बोलतो. त्यांनी दुसरा उच्चार ऐकवला, इंग्लंडचा. तरी ही हटली नाही. उलट म्हणाली, तुमच्याच पोरांना कुणीतरी चुकीचं शिकवलं असेल. मुख्याध्यापिका बाईंनी शांतपणे वही मिटून तिच्या हातात दिली. उच्चार चुकले त्याचं काही नाही, पण जिला शिकायचं नाही तिला शिकवायला कसं ठेवू, असं त्या म्हणाल्या. संपलं.

हे सांगताना ती रडत नव्हती. तिला वाटत होतं की आपण लढून आलो. मला म्हणाली, मॅडम, तुम्ही एक चिठ्ठी लिहून द्या, उच्चार बरोबर आहेत अशी, तुमच्या सहीनं, मी परत घेऊन जाते. त्यांना कळू तर द्या.

तिथं मला बसवेना. मी उठले, कपाट उघडलं, साड्यांखालून वही काढली आणि तिच्यापुढं ठेवली. तिनं पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. दहाव्या पानापर्यंत गेली. मग लाल अक्षरांवरून बोट फिरवत विचारलं, हे कधी केलं. मी सांगितलं, टाळेबंदीत. तिनं मनातल्या मनात वर्षं मोजलेली मला दिसली. मी काहीबाही बोलत राहिले. माझं वय झालं, मलाही असंच शिकवलं होतं, तुला घाबरवायचं नव्हतं. सगळं खरं होतं आणि काही उपयोगाचं नव्हतं. ती ऐकून घेत होती. आठवीतही अशीच ऐकून घ्यायची.

मग ती म्हणाली, "चुकीचं शिकवलं त्याचं मले काई नाई वाटत, मॅडम. तुमाले तरी कोनं शिकवलं होतं? पन तुमाले माहीत होतं, अन् तरी तुमी मले तिथं जाऊ देलं."

पुढं तिनं विचारलं, ही लाल केलेली वही नेऊ का, विहारातल्या पोरांना उद्याच सांगावं लागेल. मी हो म्हटलं. दोन्ही वह्या पिशवीत घालून ती गेली. दारापर्यंत जाऊन वळून पाहायची तिची सवय होती, त्या दिवशी पाहिलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मी दहावीच्या वर्गात उभं राहून सांगून टाकलं, पोरांनो, मी आजवर शिकवलेले कितीतरी उच्चार चुकीचे होते, आता नव्यानं शिकू. छातीवरचा धोंडा उतरेल असं वाटलं होतं. एका पोरानं बाकावरूनच विचारलं, "मॅडम, पेपरात येते का ते?" मी म्हटलं, नाही येत. तो म्हणाला, "मंग राहू द्या ना, काऊन तरास घेऊन राह्यल्या." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना माझी दया आली असावी. तरी मी बदललं. फळ्यावर आता बरोबर लिहिते आणि पोरं घरी जाऊन मोठ्या भावाच्या जुन्या झेरॉक्समध्ये पाहून पुन्हा लिओपार्ड पाठ करून येतात. तीस वर्षांचं खोडायला आता उरलेलं दीड वर्ष काय पुरणार? भांडायचं त्राण राहिलेलं नाही.

तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. रोज वाटायचं करावा, आणि रोज काहीतरी काम निघायचं. दिवाळी आली, गेली. सुलतानपूरकडचं कुणी भेटलं की पाहुण्यांबद्दल विचारावंसं वाटायचं, पण मी पीकपाण्याचं विचारायची. कुणाकडून तरी कळलं की पाहुणे येऊन गेले आणि तिनं नकार दिला. घरात मोठा तमाशा झाला म्हणे.

यंदा जूनच्या शेवटी, शाळा सुटल्यावर मी एसटीच्या थांब्यावर उभी होते, तर तिची आई समोरून आली. पायाला हात लावू पाहत होती, मी धरलं. हातात पेढ्यांचा पुडा. पोरीला चिखलीला नोकरी लागली, पूर्ण वेळ, इंग्रजी शाळेत. फोनमध्ये ऐकून ऐकून तिनं वर्षभर म्हणे आरशासमोर सराव केला. सगळ्या नातेवाइकांच्या आधी मॅडमला पेढे द्यायचे, असं तिनं स्वतः बजावून सांगितलं होतं. आई बोलत होती, हसत होती, पुन्हापुन्हा सांगत होती की सगळं तुमच्यामुळंच झालं. मी विचारलं, ती नाही आली?

"म्या म्हनलं तिले, तूच जाय, मॅडमले बरं वाटन," आई म्हणाली. "तं म्हने, तूच नेऊन दे. मी काऊन येत नाई ते मॅडमले माहीत हाय." मग पदरानं तोंड पुसून ती सरळ माझ्या डोळ्यांत पाहू लागली. "काऊन हो मॅडम? काई झालं का तुमच्या दोघीत?"

तिला काहीच माहीत नव्हतं. पोरीनं शेगावचं खरं कारण घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षं घरच्यांची बोलणी खाल्ली, पाहुण्यांपुढं बसली, आणि माझं नाव घेतलं नाही. आई उत्तराची वाट पाहत उभी होती. गाडी अजून आली नव्हती, सांगायला वेळ भरपूर होता.

मी पुड्यातला पेढा घेतला आणि म्हटलं, "नाही हो. नवीन नोकरी आहे, कामात असेल."